मालकाचे शर्ट

४ मे

प्रिय दादा,

आधी बातमी सांगते, मग मी कोण ते. घर मिळालं! दोन खोल्या, मोरी, पुढे गॅलरी आणि गॅलरीत सकाळभर ऊन. आता मी कोण, हे अक्षरावरून ओळखलं असशीलच, कारण इतकं गिचमिड अक्षर आपल्या घरात दुसऱ्या कुणाचं नाही. ओळखलं नसशील तर, मी टकळी. तुझी चुलतबहीण. हे नाव तूच ठेवलंस आणि ते मला जन्माचं चिकटलं.

तुझा पत्ता आत्याकडून काढला. तिच्यावर रागावू नकोस, ती बिचारी चार दिवस टाळत होती. तू बंदरावर क्रेन चालवतोस आणि कुणाच्याही पत्राला उत्तर देत नाहीस, एवढं तिने सांगितलं. नको देऊस. मला बोलायला समोरच्याच्या उत्तराची गरज कधीच लागली नाही, हे तुला माहीत आहे.

घर कुणाचं म्हणशील तर काकांचं, तुझ्या बाबांचं. कुलपांच्या दुकानावरचा मजला. म्हणजे पुढची खोली तुझी होती तीच. काका आता दुकानामागच्या खोलीतच राहतात, गुडघ्यांमुळे जिना नको म्हणतात. तुझ्या खोलीत मी माझं कामाचं टेबल लावलं आहे. रागावलास का? तू घर सोडलंस तेव्हा मी दुसऱ्या गावी होते. कडाक्याचं भांडण झालं आणि तू अंगावरच्या कपड्यांनिशी निघून गेलास, इतकंच मी ऐकलं. खरं-खोटं विचारायला हे पत्र नाही. मला फक्त कुणाला तरी सांगायचं होतं, आणि ही खोली ज्याला आतून माहीत आहे असा तू एकटाच आहेस.

माझं काम तुला ठाऊक नसेल. मी बूट बनवते, पण सगळ्यांचे नाही. ज्यांचा एक पाय आखूड आहे, टाच वळलेली आहे, एक पाऊल दुसऱ्यापेक्षा मोठं आहे, अशांचे. ज्या दुकानात मी हे शिकले ते मालकाने विकलं आणि मी माझे लाकडी फर्मे पोत्यात भरून बाहेर पडले. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा, त्यावर चामडं ताणून बूट बांधायचा. गिऱ्हाईक गेलं तरी फर्मा ठेवायचा, कारण त्याचा पाय परत येतोच. ती पोती घेऊन काकांच्या दारात उभी राहिले तर त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. वरची किल्ली काढून हातावर ठेवली.

भाडं किती, असं विचारलं तर त्यांनी असा चेहरा केला की जणू मी त्यांच्या खिशात हात घातला. "आपल्यात कसलं भाडं आणि कसला कागद? दे तुला वाटेल ते." म्हणून मी पाकीट करते आणि त्यांच्या रेडिओखाली सरकवते. ते माझ्यादेखत त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. पाकीट जाड झालं की बारीक, हे कळायला मार्ग नाही. पहिलं पाकीट ठेवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी जिन्यातला दिवा बदललेला दिसला, तेव्हा बरं चाललंय असं मी धरून चालले आहे.

अट एकच. तुझ्या खोलीतलं कपाट हलवायचं नाही. तेही नेमकं उजेडाच्या भिंतीला आहे, पण असू दे. दोन खोल्यांत एक कपाट म्हणजे काही डोक्यावरून पाणी नाही. मी इतकी खूश आहे की कपाटालासुद्धा येता-जाता नमस्कार करावासा वाटतो.

तुझी,
टकळी


२७ मे

प्रिय दादा,

उत्तर आलं नाही, म्हणजे पत्र पोचलं.

आज माझे पाय जमिनीवर नाहीत. इथल्या दवाखान्यात हाडांची एक डॉक्टरीण आहे. बाई कडक आहे, हसताना मी तिला एकदाही बघितलेलं नाही. तिने मला बोलावून सांगितलं की तिच्या सगळ्या पेशंटचे बूट ती लांबच्या कारखान्यातून मागवते, ते उशिरा येतात आणि चावतात. मी तीन जोड पहिल्यांदा करून दाखवायचे. तिन्ही बसले तर पुढचं सगळं काम माझं. सगळं, दादा! मी तिथेच खुर्चीवरून उठून पुन्हा बसले. तिने विचारलं, बरं वाटत नाही का?

पहिला जोड आपल्या भागातल्या पोस्टमनचा. पोरगेल्या वयात पाय मोडला, तो जुळताना आखूड झाला, आणि उजवं पाऊल डाव्यापेक्षा मोठं. जन्मभर तो उजव्या मापाचे बूट घेतो आणि डाव्यात कापूस कोंबतो. त्याचे पाय मी हातात धरले तेव्हा म्हणाला, "बाई, यांना कुणी वेगवेगळं मोजलंच नाही कधी." मी म्हटलं, मी पावलं नेहमी वेगवेगळीच मोजते, ती एकमेकांची कुणी लागत नाहीत असं समजून.

बाकी घर मजेत. काका अधूनमधून वर येतात. अधूनमधून म्हणजे रोज, ते दुखरे गुडघे घेऊन. मी नसताना. मी घरी आले की कुठली तरी बिजागरी तेल प्यायलेली असते, नळ गळायचा थांबलेला असतो, माझी कात्री खिळ्याला टांगलेली असते. तक्रार नाही, अशी सेवा कुठला घरमालक देतो? फक्त एकदा मी मोरीत होते आणि बाहेर आले तर काका स्टुलावर चढून पंख्याचे स्क्रू आवळत होते. मी किंचाळले. ते म्हणाले, "ओरडतेस काय, मीच आहे." दाराचं लॅचचं कुलूप लावलं होतं म्हटलं, तर म्हणाले, हो, जरा घट्टच झालंय ते.

मी यावर विचार केला. आपल्याला बंद दार दिसलं की वाटतं, आत जाऊ नये. काकांनी जन्मभर लोकांची बंद दारंच उघडली. बंद दार म्हणजे त्यांच्यासाठी काम.

आणि एक गंमत. समोरच्या शिंपीणबाई परवा मला जिन्यात गाठून हळूच म्हणाल्या, चांगलं झालं हो, एकटीने किती दिवस काढायचे? मला काही कळेना. मग त्यांनी माझ्या गॅलरीकडे बोट दाखवलं. दोरीवर पुरुषाचे शर्ट वाळत होते. निळा, चौकड्यांचा, एक पांढरा, सगळे एका रांगेत. मी धावत वर गेले. काका नव्हते, शर्ट होते. संध्याकाळपर्यंत तेही कपाटात परत गेले होते आणि कपाटाला कुलूप.

तुझेच ना ते? चौकड्यांचा तर मला फोटोतून आठवतो. शिंपीणबाईंना मी सांगितलं की भाऊ आहे. त्या हसल्या. माझी अब्रू तुझ्या शर्टांनी घालवली.

तुझी,
टकळी


१९ जून

प्रिय दादा,

तुझं कार्ड मिळालं. मिळालं! पोस्टमननेच आणून दिलं आणि मी त्याच्यासमोर जिन्यात नाचले. इतक्या वर्षांनी तू लिहिलेले शब्द दोन, "कुलूप बदल." दोन का होईना, मी ते टेबलासमोर लावून ठेवलेत. काकांना दिसू नये म्हणून वर चामड्याचा तुकडा टाचला आहे. मी तुला लिहिते हे त्यांना अजून माहीत नाही.

आणि मी तुझं ऐकलं. नवं कुलूप आणायला निघाले, तर दुकानातून काकांनी हाक मारली, कुठे निघालीस? खोटं बोलायला सुचलं नाही. कुलूप आणायला, म्हटलं. त्यांना वाईट वाटलं, पण कशाचं, तर मी बाहेरून आणणार याचं. "बाहेरचं टिकत नाही. बस इथे." मग त्यांनी मला सहा लिव्हरचं कुलूप काढून दिलं, स्वतः वर येऊन नव्या कोयंड्यासकट बसवलं, दोन्ही किल्ल्या मोजून माझ्या हातात दिल्या, आणि सांगितलं की याला कुणी हात लावू शकत नाही. दुसऱ्या दिवशी घरी आले तर माझी खिडकी पुसलेली होती.

आता पुढचं लिहायला हात वळत नाही, पण लिहिते.

फर्मे मी जोडीने बांधून ठेवते. एका माणसाचे दोन फर्मे, सुती दोऱ्याने एकत्र, आणि टाचेवर खडूने खूण. दोन्ही फर्मे एका मापाचे नसतातच, ते नसतात म्हणून तर लोक माझ्याकडे येतात. पोस्टमनचे बूट मी सोल लावेपर्यंत आणले होते. मग वाटलं की चामड्याला सुरकुती येतेय, ओलं करून पुन्हा एकदा ताणून घेऊ. रात्रीच्या घाईत मांडणीवरून त्याचा डावा फर्मा हाताने ओळखून जोडी काढली, खूण बघितली नाही, नव्या दोऱ्याने छान बांधलेली होती, आणि मी आपली त्यावर बूट चढवून ठेवले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या समोर पोस्टमनने बूट घातले. डावा नीट गेला. उजव्यात पाय शिरेना. तो भला माणूस, मला वाईट वाटू नये म्हणून जोर करून शिरवला आणि दोन पावलं चालला, नावेत उभा असल्यासारखा. डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण लावलं. मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

घरी येऊन बघते तर सगळी मांडणी चकचकीत. सगळे फर्मे तेलाने पुसलेले, खडू गेलेला, आणि लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने जोड्या लावलेल्या. सारख्याला सारखा! पोस्टमनचा डावा कुणा मास्तरणीच्या उजव्याशी बांधला होता. मी दोन फर्मे हातात घेऊन खाली गेले. काका डोळ्याला भिंग लावून काहीतरी कानशीने घासत होते. माझ्याकडे बघून खुलले. म्हणाले, "दिसलं का? सगळ्या जोड्या चुकल्या होत्या तुझ्या. लावून दिल्या."

दादा, मी खूप बोलले. टकळी बोलते तशी नव्हे, वेगळंच. मी म्हटलं, तुमच्या उपकारांनी माझ्या पोटावर पाय येणार आहे. म्हटलं, मी इथे राहते की तुमच्या पेटीत ठेवलेली आहे? त्यांनी मग भिंग डोळ्यावरून काढलं आणि ते पुसत बसले. मला रडू आलं आणि त्यांना समजलंच नाही की चुकलं काय, हे अजून वाईट.

बाकीचे दोन जोड आधीच बसले होते, म्हणून डॉक्टरीणबाईंनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. जोड पुन्हा करायचा, आणि त्यांचं म्हणणं, हाताने सोल घासत बसलात तर पुढचं काम तुम्हाला झेपणार नाही, मशीन लावताय का ते दाखवा. मशीन मी भाड्याने ठरवलेलं आहे, पण ते घरच्या मीटरवर चालत नाही. थ्री फेज मीटर लागतो. वीज कचेरीतल्या बाई म्हणाल्या, सोपं आहे, घरमालकाची सही आणि भाडेकरार आणा.

भाडेकरार! आपल्यात कसला कागद, नाही का?

तुझी,
टकळी


२२ जून

दादा,

बसला नसशील तर बस. क्रेनवर असशील तर खाली उतर.

मी काकांकडे गेले. भांडणानंतर आम्ही एकमेकांना टाळत होतो, म्हणजे ते वर येत नव्हते आणि मला, काय सांगू, चुकल्यासारखं वाटत होतं. मी शांतपणे सगळं सांगितलं. मीटर मिळाला नाही तर मशीन नाही, मशीन नाही तर दवाखान्याचं काम नाही, आणि ते गेलं तर मला फर्मे पुन्हा पोत्यात भरून कुणाच्या तरी दुकानात नोकरी शोधावी लागेल. एक सही करा, काका. कागद आपल्यासाठी नाही, कचेरीसाठी.

ते म्हणाले, "माझी सही चालणार नाही."

मला वाटलं, राग आहे. मी म्हटलं, मागचं विसरा ना. ते म्हणाले, राग कसला? आणि मग दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, भर दुपारी. मला भीती वाटली, घर गहाण टाकलंय की काय.

"घर माझं नाही," ते म्हणाले. "त्याचं आहे."

त्याचं म्हणजे तुझं! दादा, वरचा मजला तुझ्या नावावर आहे. तू शाळेत होतास तेव्हा तो विकायला निघाला आणि काकूंनी हट्ट धरला की घ्यायचा तर पोराच्या नावाने. तू अज्ञान म्हणून काकांनी पालक म्हणून सही केली. तुला नोकरी लागली की दोघांनी मिळून सांगायचं असं ठरलं होतं. मग काकू गेल्या आणि सांगायचं काम एकट्या काकांवर आलं. तुला तर माहीतच आहे, कुलूप सोडून दुसऱ्या कशाबद्दल त्यांना बोलता येत नाही.

म्हणजे इतके दिवस मी तुझी भाडेकरू आहे. तुझ्याच घरातून तुलाच पत्रं लिहितेय की मला काकांनी घर दिलं, आणि तू तिकडे कुठल्या तरी भाड्याच्या खोलीत बसून ती वाचतोयस. मला हसू आवरेना. काका म्हणाले, हसतेस काय? पण मग तेही थोडंसं हसले.

पुढचं त्यांनी आपणहून सांगितलं, मी विचारलं नव्हतं. तू घर सोडलंस त्या दिवशी ते तुला हेच सांगायला वर आले होते. दाराला तू बाहेरून आणलेलं कुलूप होतं. त्यांनी उघडलं. कॉटवर भरलेली बॅग होती.

"मी ती रिकामी केली," काका म्हणाले. "एकेक शर्ट घडी घालून कपाटात ठेवला. मला वाटलं, कपडे कपाटात गेले की माणूस राहतो."

मी गप्प बसले. मी, दादा. ते पुढे म्हणाले की तू आलास, रिकामी बॅग बघितलीस, जे बोलायचं ते बोललास आणि तसाच गेलास. घराचं सांगायचं राहूनच गेलं. नंतर कळवलं असतं तर घराचं आमिष दाखवून बोलावतोय असं झालं असतं, म्हणून कळवलं नाही. मला भाडं का सांगत नव्हते तेही कळलं. दुसऱ्याच्या घराचं भाडं कसं सांगायचं? सगळी पाकिटं तशीच आहेत, तुझ्या नावाने, कपाटात शर्टांखाली. जिन्यातला दिवा त्यांनी स्वतःच्या खिशातून बदलला.

मग मीही सांगून टाकलं की मी तुला लिहिते, आणि एक कार्ड आलंय. ते मग म्हणाले, काय लिहितो? मी म्हटलं, कुलूप बदल असं लिहितो.

"बाहेरचं नको म्हणावं," काका म्हणाले, आणि शटर वर केलं.

दादा, तुझी सही हवी. तुला राग असेल, असणारच. माझ्यासाठी तेवढा बाजूला ठेवता येईल का? कागद तयार करून पाठवते.

टकळी


२४ जून

माननीय घरमालकांस,

सोबत भाडेकराराच्या दोन प्रती आणि वीज कचेरीचं ना-हरकत पत्र. जिथे पेन्सिलने फुली आहे तिथे सही. रागावून काही लिहायचं असेल तर वेगळा कागद घे, यावर नुसती सही कर.

करार काकांनी सांगितला आणि मी लिहिला. दुकानात येरझाऱ्या घालत, हात मागे बांधून, इतकं जड मराठी बोलत होते की मला दोनदा थांबवून अर्थ विचारावा लागला. भाड्याचा आकडा त्यांनी काही केल्या सांगितला नाही, मालक ठरवतील म्हणाले, म्हणून तिथे जागा सोडली आहे. गरीब बहिणीकडे बघून भर.

कुलपाचं कलम मी घातलं. "भाडेकरूच्या दाराला भाडेकरूचे कुलूप राहील व त्याची किल्ली मालकाच्या वडिलांकडे राहणार नाही." काका ऐकून घुश्श्यात आतल्या खोलीत गेले. मला वाटलं, झालं, मोडलं सगळं. थोड्या वेळाने बाहेर आले आणि म्हणाले, "हे कलम पोकळ आहे. किल्ली नसतानाही उघडता येतं. किल्ली असो वा नसो, उघडणार नाहीत, असं लिही." आपल्याच कुलपातली फट आपणच दाखवणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

मग ते म्हणाले, आता त्यात लिही, दार वाजवून विचारून येतील. मी लिहिलं. पण दादा, खरं सांगते, ते दार वाजवतील यावर माझा काडीचा विश्वास नाही. त्या हातांना दार वाजवायची सवयच नाही.

फर्म्यांचंही एक कलम आहे, तेही त्यांचंच. "भाडेकरूच्या वस्तू विजोड दिसल्या तरी त्यांना जोडी लावू नये." हे सांगताना ते भिंतीकडे बघत होते.

कपाट मालकाचं, ते हलवायचं नाही, आणि त्यातल्या कपड्यांना ऊन दाखवायची जबाबदारी साक्षीदाराची. साक्षीदार तेच. सही बघ, किती सावकाश केली आहे, नावातला काना कसा खालपर्यंत गेलाय. ज्या घरावर त्यांनी एकदा पालक म्हणून सही केली, त्यावर आता साक्षीदार म्हणून केली. मला ते बघून भरून आलं, आणि त्यांना मात्र शाई वाळली की नाही याचीच काळजी.

शेवटचं कलम वाच. मी म्हटलं होतं, काका, असं कलम कुठल्याच करारात नसतं. ते म्हणाले, आपल्यात असतं. तसंच्या तसं लिहिलंय.

"मालक केव्हाही आपल्या घरी येऊ इच्छित असल्यास आगाऊ कळवून येतील. त्यांच्या राहण्याची सोय खाली साक्षीदाराच्या खोलीत केली जाईल. साक्षीदार बाहेर दुकानात झोपेल व त्याची त्यास हरकत नाही."

त्याची त्यास हरकत नाही! वाचलंस ना?

पोस्टमनचा जोड मी पुन्हा बांधायला घेतलाय. या वेळी फर्म्यावर खडू नाही, खिळ्याने कोरून खूण केली आहे. मुदत जवळ आली आहे, दादा. उशीर करू नकोस.

आपली आज्ञाधारक भाडेकरू,
टकळी


५ जुलै

प्रिय दादा,

आले! कागद आले, आणि कुणाच्या पायांनी आले माहीत आहे? पोस्टमन तुझं पाकीट घेऊन जिना चढला तो माझे बूट घालून. दोन्ही पाय बसले. डावा डाव्यासारखा, उजवा उजव्यासारखा. आदल्या दिवशी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दवाखान्यात तो जिना चढला, उतरला आणि कुणी सांगितलेलं नसताना पुन्हा चढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मीटरचा अर्ज भरल्याची पावती आणून दाखवा. पोस्टमनच्या हातातून पाकीट घेऊन मी तशीच वीज कचेरीत गेले, तिथून पावती घेऊन दवाखान्यात. बाईंनी पावती बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि हसल्या. मोठे दात आहेत, छान दिसतात. एक दिवस उशीर झाला हे त्यांनी काढलं नाही, मीही नाही. सगळं काम माझं, दादा! मीटर पुढच्या आठवड्यात बसेल, मशीन त्याच्या मागोमाग.

तू भाड्याच्या जागी जे लिहिलंस ते मी काकांना वाचून दाखवलं. "रेडिओखाली ठेवते तेवढंच." ते म्हणाले, बरोबर आहे. आता ते पाकीट मी तुला पाठवायचं की कपाटात ठेवायचं, हे तू लिहिलं नाहीस. मी कपाटात ठेवणार आहे.

शेवटचं कलम मात्र काकांनी माझ्या हातातून घेतलं. "आगाऊ कळवून" हे दोन शब्द तू खोडलेत आणि शेजारी छोटी सही केलीस. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि एखादं बारीक कुलूप बघावं तसं ते बघितलं. खाडाखोड केलेला कागद चालतो का, विचारलं. शेजारी सही आहे, चालतो, मी म्हटलं.

"मग तो येणार कधी ते कळणार कसं?"

"कळणारच नाही, काका. केव्हाही येईल."

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवला, तो अजून तिथेच आहे. त्या दिवसापासून ते रोज सकाळी दाढी करतात. दुकानाबाहेरचं बाकडं त्यांनी रस्त्याच्या तोंडाला वळवून ठेवलंय. विचारलं तर म्हणतात, इकडे वारा येतो.

आणि आज सकाळी मी टेबलाशी होते, तर दार वाजलं. मला वाटलं, शिंपीणबाई असतील. उघडलं तर दारात काका. दोन्ही हात मागे, जसे करार सांगताना होते. माझं सहा लिव्हरचं कुलूप कोयंड्याला लटकत होतं, त्याच्याकडे ते बघतही नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं दार वाजवलं असावं, कारण वाजवून झाल्यावर पुढे काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं.

मी म्हटलं, काय काका?

ते म्हणाले, "आत येऊ का? मालकाचे शर्ट जरा उन्हात घालायचे होते."

तुझी,
टकळी